डोळे चांगले, तरी मूल पाहत का नाही? मेंदूजन्य दृष्टिदोष आणि ‘पर्किन्स’ संस्थेचे काम

“डोळ्यांत काही दोष नाही. मोठं झालं की बघेल.” असे सांगून दवाखान्यातून परत पाठवलेली मुले वस्तीपातळीवर काम करताना आम्हाला वारंवार भेटतात. आई सांगते, बाळ माझ्या तोंडाकडे बघत नाही, पण पंख्याकडे तासभर बघत राहते. आजी म्हणते, आवाज दिला की ओळखते, नुसते समोर उभे राहिले की ओळखत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, फळ्यावरचे एक अक्षर वाचतो, पण पुस्तकाचे पान उघडले की गोंधळतो, नाटक करतो. या तिघींनी पाहिलेली गोष्ट खरी असते. तिच्यामागे अनेकदा एकच कारण असते. डोळा काम करत असतो, पण डोळ्याने पाठवलेल्या चित्राचा अर्थ लावणाऱ्या मेंदूला इजा झालेली असते.

इंग्रजीत याला सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट, थोडक्यात सीव्हीआय म्हणतात. काही जण कॉर्टिकल व्हिज्युअल इम्पेअरमेंट हा शब्दही वापरतात. या लेखात आम्ही ‘मेंदूजन्य दृष्टिदोष’ असा शब्द वापरला आहे. हा दोष काय आहे, तो कसा ओळखावा, अमेरिकेतील ‘पर्किन्स’ ही विनानफा संस्था अशा मुलांसाठी काय करते आणि त्यातले आपल्या घरात, अंगणवाडीत व शाळेत काय करता येईल, याची माहिती आपल्या वाचकांना एका ठिकाणी मिळावी, हा या लेखाचा हेतू आहे.

आपण नेमके कशाने पाहतो?

डोळा फक्त प्रकाश टिपतो. तो संदेश नेत्रतंतूमार्फत मेंदूच्या मागच्या भागात पोहोचतो. तिथून पुढे ढोबळमानाने दोन वाटा फुटतात. एक वाट डोक्याच्या वरच्या बाजूने जाते. वस्तू कुठे आहे, किती लांब आहे, हात किती पुढे न्यायचा, पाऊल किती उचलायचे, गर्दीतून एक गोष्ट कशी निवडायची, हे ती ठरवते. दुसरी वाट कानशिलाच्या बाजूने जाते. समोर कोण आहे, ही वस्तू कोणती, हा चेहरा आईचा की मावशीचा, हे ती ओळखते.

यातल्या कोणत्या भागाला किती इजा झाली, यावर मुलाला काय दिसते आणि काय दिसत नाही हे अवलंबून असते. म्हणून हा दोष असलेली दोन मुले सारखी नसतात. एक मूल चेहरे ओळखत नाही, पण पायऱ्या नीट उतरते. दुसरे चेहरे ओळखते, पण प्रत्येक पायरीशी अडखळते. चष्म्याचा नंबर काढताना दोघांचेही डोळे ठीक निघू शकतात.

कारणे कोणती?

जन्माच्या वेळी बाळ रडले नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, हे एक मोठे कारण आहे. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांत मेंदूतील पांढऱ्या भागाला इजा होते आणि नजरेच्या वाटा नेमक्या तिथूनच जातात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाच्या रक्तातील साखर फार खाली गेली तर मेंदूच्या मागच्या भागाला, म्हणजे पाहण्याच्या केंद्रालाच धक्का बसतो. बाळाला लवकर अंगावर पाजणे का महत्त्वाचे, याचे हेही एक कारण आहे. याशिवाय मेंदूज्वर, डोक्यात पाणी साठणे, झटके, डोक्याला मार आणि काही जनुकीय आजार ही कारणे आहेत.

यात आईने ग्रहण पाळले नाही, कुणाची नजर लागली, मागच्या जन्मीचे पाप भोवले, असे काहीही नाही. हे स्पष्ट लिहावे लागते, कारण उतारे, गंडेदोरे आणि नवस यांत अनेक कुटुंबांची पहिली दोन-तीन वर्षे निघून जातात. लहान मुलाचा मेंदू सर्वांत वेगाने घडतो तो याच वर्षांत.

ओळखायचे कसे?

खालील खुणा पालक, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांनी लक्षात ठेवाव्यात. एखादी खूण दिसली म्हणजे दोष आहेच असे नाही. पण जन्माच्या वेळी बाळ काचेच्या पेटीत होते, त्याला झटके आले होते किंवा त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि सोबत यातल्या दोन-चार खुणा आहेत, तर तपासणी टाळू नये.

• बाळ चेहऱ्याकडे न बघता दिवा, खिडकी किंवा फिरता पंखा यांकडे एकटक बघत राहते.
• हलणारी वस्तू दिसते, तीच स्थिर ठेवली की दिसत नाही.
• वस्तू दाखवल्यावर बऱ्याच वेळाने तिच्याकडे नजर जाते.
• ठरावीक रंगाच्या वस्तूकडेच मूल बघते. अनेकांत हा रंग लाल किंवा पिवळा असतो.
• आधी वस्तूकडे बघते, मग मान वळवते आणि न बघता हात पुढे करते.
• ताटाच्या एका बाजूचे जेवण तसेच राहते. पायाजवळच्या वस्तूला ठेच लागते. फरशीचा रंग बदलला की तिथे पायरी असल्यासारखे पाऊल उचलते.
• एकच खेळणे दिले तर सापडते, खेळण्यांच्या ढिगात सापडत नाही.
• बाजारात, लग्नात, जत्रेत मूल अचानक रडू लागते किंवा कान-डोळे झाकते.
• सकाळी दिसलेली गोष्ट संध्याकाळी दिसत नाही. थकवा, भूक, ताप, गोंगाट यांनी नजर कमीजास्त होते.

ही शेवटची खूण सर्वांत जास्त गैरसमज करते. “काल दिसत होते, आज नाही म्हणतो,” म्हणून मुलाला मार बसतो. प्रत्यक्षात पाहण्यासाठी या मुलाच्या मेंदूला इतरांपेक्षा खूप जास्त मेहनत करावी लागते आणि ती दमल्यावर जमत नाही.

हा दोष फक्त तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांत असतो, असेही समजू नये. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या प्राथमिक शाळांतील मुले तपासली गेली. मेंदूशी निगडित निदान एक तरी दृष्टी-अडचण असलेली मुले त्यांत ३० च्या वर्गामागे सरासरी एक या प्रमाणात आढळली. अशी मुले ‘ढ’, ‘धांदरट’, ‘हट्टी’ या नावांखाली मागच्या बाकावर बसलेली असू शकतात.

पर्किन्स : अंधशाळेपासून पुढे

पर्किन्स स्कूल फॉर द ब्लाइंड ही अमेरिकेतील पहिली अंधशाळा. १८२९ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि १८३२ मध्ये बोस्टन येथे डॉ. सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी प्रत्यक्ष शिकवणे सुरू केले. पुढे १९१२ मध्ये ती जवळच्या वॉटरटाउन येथे गेली. हेलन केलर यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन याच शाळेच्या विद्यार्थिनी, आणि हेलन केलर स्वतःही १८८८ पासून काही काळ इथे होत्या.

या संस्थेचा इतिहास आमच्या विषयासाठी महत्त्वाचा आहे तो एका कारणाने. तिच्या दारात येणारी मुले काळानुसार बदलत गेली. सुरुवातीच्या काळात संसर्गामुळे डोळे गेलेली मुले येत. १९४० आणि १९५० च्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अतिरिक्त प्राणवायू दिल्यामुळे पडद्याला इजा झालेली मुले आली. १९६४-६५ च्या रुबेला साथीनंतर ऐकू न येणारी व न दिसणारी मुले मोठ्या संख्येने आली. नंतर नवजात बाळांचे उपचार सुधारले. पूर्वी जी बाळे दगावली असती ती जगू लागली आणि त्यांपैकी अनेकांना मेंदूच्या इजेसोबत दृष्टिदोष राहिला. आज श्रीमंत देशांत लहान मुलांमधील दृष्टिदोषाचे पहिल्या क्रमांकाचे कारण म्हणून मेंदूजन्य दृष्टिदोषाचेच नाव घेतले जाते.

ब्रेल आणि पांढरी काठी शिकवणाऱ्या शाळेला ही मुले जुन्या पद्धतीने शिकवता येईनात. यांना काही दिसत होते, पण विश्वासाने वापरता येईल असे दिसत नव्हते. म्हणून पर्किन्सने या दोषासाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले आणि ‘सीव्हीआय नाऊ’ या नावाने पालकांसाठी माहितीचे काम उभे केले.

संस्था काय करते?

पहिले काम मुलाचे मूल्यमापन. डोळ्यांच्या तक्त्यावर भर न देता मूल रोजच्या जगण्यात नजर कशी वापरते, हे पाहिले जाते. पालकांशी सविस्तर बोलणे, मुलाचे घरी-शाळेत निरीक्षण आणि प्रत्यक्ष चाचणी अशा तिन्ही मार्गांनी ही माहिती गोळा होते. रंग, हालचाल, प्रकाश, गर्दी, अंतर, चेहरे, प्रतिसादाला लागणारा वेळ अशा एकेका बाबीची नोंद होते. या क्षेत्रात डॉ. क्रिस्टीन रोमन-लॅन्टझी यांच्या २००७ च्या पुस्तकाने दहा लक्षणांची आणि तीन टप्प्यांची पद्धत रूढ केली. ग्लासगोचे बालनेत्रतज्ज्ञ प्रा. गॉर्डन डटन यांनी पालकांना साधे प्रश्न विचारून दोष ओळखण्यावर भर दिला. त्यानंतरच्या कामात या दोन्ही धाग्यांचा उपयोग झाला.

दुसरे काम पालकांचे. अहवाल हातात देऊन निरोप देणे पुरेसे नसते. मुलाला काय दिसते हे पालकांना कळले, की ते घर बदलू शकतात आणि शाळेशी नेमके बोलू शकतात. “याला कमी दिसते” असे सांगण्यापेक्षा “याला पानावर एकच चित्र द्या, डावीकडून दाखवा आणि थोडे थांबा” असे सांगितले तर शिक्षकांना काम करता येते. पालकांनी एकमेकांशी बोलण्याची जागा मिळणे हाही या कामाचा भाग आहे.

तिसरे काम शिक्षकांचे प्रशिक्षण आणि चौथे धोरणाचे. पालक, तज्ज्ञ व संस्था यांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये या दोषावर कार्यशाळा घेतली आणि २०२४ मध्ये तिचा अहवाल म्हणून एक कामचलाऊ व्याख्या प्रसिद्ध झाली. तिचा गाभा असा की हा एकच एक आजार नसून मेंदूच्या इजेतून येणाऱ्या दृष्टी-अडचणींचा समूह आहे. डोळ्याच्या आजाराने ज्याचा उलगडा होत नाही इतकी अडचण असेल, तर मेंदूकडे पाहिले पाहिजे. मुलाला डोळ्याचा दोष, सेरेब्रल पाल्सी किंवा इतर अपंगत्व आहे म्हणून हे निदान नाकारता येत नाही. व्याख्या झाली म्हणजे मोजणी होते आणि मोजणी झाली म्हणजे पैसा व शिक्षक मागता येतात. आपल्याला हा क्रम नवा नाही. जे मोजले जात नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही.

घरात बिनखर्चात काय करता येईल?

या दोषावर औषध, तेल, डोळ्यांत घालायचे थेंब किंवा शस्त्रक्रिया असा सिद्ध इलाज नाही. पण मेंदू शिकतो. योग्य वातावरण मिळाले तर अनेक मुलांची नजर वापरण्याची क्षमता वाढते आणि सुरुवात जितकी लवकर तितका फायदा जास्त. खालील गोष्टी एका खोलीच्या घरातही शक्य आहेत.

• पसारा कमी करा. फुलाफुलांच्या गोधडीवर खेळणे ठेवले तर मुलाला ते दिसत नाही. एका रंगाची गडद चादर किंवा काळे कापड अंथरा आणि त्यावर एकच वस्तू ठेवा.
• एक रंग ओळखीचा करा. मूल ज्या रंगाकडे बघते त्या रंगाची वाटी, चमचा, दप्तराची पट्टी ठेवा. रोज तीच वस्तू वापरा.
• वस्तू हलवा आणि थांबा. खुळखुळा किंवा चमकदार कागद हळू हलवा. मग मनात दहापर्यंत मोजा. त्या वेळात बोलू नका. अनेक मुले एका वेळी एकतर ऐकतात किंवा बघतात.
• आवाज बंद करा. शिकवताना, भरवताना टीव्ही बंद असावा.
• ताट सरळ समोर ठेवून पाहा, मग किंचित उचलून किंवा फिरवून पाहा. कोणत्या बाजूचे जेवण उरते यावरून मुलाला कोणती बाजू दिसत नाही ते कळते.
• जवळ जाऊन स्वतःची ओळख सांगा. “मी आत्या आहे” असे म्हणा. “सांग बघू कोण?” अशी परीक्षा घेऊ नका.
• पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी मारा.
• शाळेत एका पानावर कमी मजकूर, मोठे व सुटे अक्षर, बाकीचे झाकायला कोरा कागद, भिंतीवरच्या तक्त्यांकडे पाठ होईल अशी जागा आणि मधूनमधून विश्रांती द्या.

न्यूझीलंडमधील शिक्षिका सुझॅन लिटल आणि प्रा. डटन यांनी २०१५ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. बहुविकलांग मुलांपैकी काहींना एकाच रंगाच्या छोट्या तंबूत बसवले आणि आत एखादीच वस्तू ठेवली, तर आजवर कशाकडेही न बघणारी मुले बघू लागतात, हात पुढे करतात. भोवतीचा सगळा गोंधळ झाकला गेल्यामुळे मेंदूला एकाच गोष्टीवर काम करता येते. आपल्याकडे खाटेवर किंवा दोन खुर्च्यांवर एकरंगी चादर टाकून हे करून पाहता येते. मोठ्याने सोबत राहावे, हवा खेळती असावी आणि मूल घाबरले तर लगेच बाहेर काढावे.

डोळ्यांवर बॅटरी मारत राहणे हा उपाय नाही. मूल दिव्याकडे बघते म्हणून त्याला दिव्यासमोर बसवून ठेवल्याने ते शिकत नाही. प्रकाश वस्तूवर पाडावा. तसेच मेंदूजन्य दोष आहे म्हणून डोळ्यांची तपासणी सोडू नये. तिरळेपणा, चष्म्याचा नंबर हे सोबत असू शकतात आणि चष्मा लागत असेल तर तो द्यायलाच हवा.

प्रमाणपत्राची अडचण आणि कायद्यातील वाट

आपल्याकडे खरी कोंडी इथे होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे दिली आहेत. त्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी आहेत, पण त्यांची व्याख्या दोन मोजमापांवर उभी आहे. चांगल्या डोळ्याची चष्म्यासहित नजर ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत, म्हणजे अल्पदृष्टी. त्याहून खाली अंधत्व. शांत खोलीत, एकेक अक्षर दाखवून घेतलेल्या चाचणीत आमच्या ओळखीच्या मुलांपैकी काही या मापाच्या वर राहतात. बाहेर रस्त्यावर त्याच मुलांना समोरून येणारी रिक्षा वेगळी काढता येत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, बसची सवलत नाही आणि विशेष शिक्षकही नाही. ज्या घरात रोजंदारी बुडवून दवाखान्याच्या फेऱ्या होतात, तिथे ही तांत्रिक बाब राहत नाही.

तरीही वाटा आहेत. पहिली, याच कायद्याच्या कलम २ मधील ‘दिव्यांग व्यक्ती’ची व्याख्या व्यापक आहे. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा इंद्रियविषयक कमतरता आणि भोवतालचे अडथळे यांमुळे ज्या व्यक्तीला समाजात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती. कलम १६ शाळांना मुलाच्या गरजेनुसार योग्य सोयी देण्यास सांगते. ४० टक्क्यांची अट तिथे नाही. म्हणून मोठे अक्षर, जास्त वेळ, योग्य जागा यांची मागणी लेखी अर्जाने शाळेकडे करावी आणि अर्जाची पोच घ्यावी.

दुसरी, मुलाला सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा एकाहून अधिक अपंगत्वे असतील तर त्यांचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढता येते. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर कलम ३१ नुसार ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. तिचे संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत आहे.

कुठे जावे?

सुरुवात आशाताई किंवा अंगणवाडीपासून करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्या व शाळांमध्ये १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथे नेत्रतपासणीसोबत बालरोगतज्ज्ञ आणि थेरपिस्ट यांचेही मत मागावे. नवजात अतिदक्षता कक्षातून बाळाला घरी सोडताना मिळालेले कार्ड जपून ठेवावे. जन्माचे वजन, झटके, साखर यांच्या नोंदी पुढे निदानाला उपयोगी पडतात.

तपासणीला जाताना मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ नेल्यास फार मदत होते. मूल घरी खेळताना, जेवताना आणि गर्दीत कसे वागते हे दहा मिनिटांच्या तपासणीत दिसत नाही. “बघत नाही” एवढेच सांगू नये. कोणत्या रंगाकडे, कोणत्या बाजूला, किती वेळाने बघते, हे लिहून न्यावे. “डोळे नॉर्मल” असे उत्तर आले तर “मेंदूमुळे दिसण्यात अडचण असू शकते का?” असा थेट प्रश्न विचारावा.

ऐकणे आणि पाहणे दोन्हींत अडचण असलेल्या मुलांसाठी मुंबईत १९७७ पासून हेलन केलर इन्स्टिट्यूट काम करते. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचा दृष्टी-पुनर्वसन विभाग यांच्याकडेही चौकशी करता येईल. मात्र प्रत्येक कुटुंबाला मुंबई-हैदराबाद गाठणे शक्य नाही. म्हणून आमची मागणी जिल्ह्यापासून आहे. प्रत्येक जिल्हा केंद्रात निदान एका व्यक्तीला या दोषाचे प्रशिक्षण असावे, समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमात तो असावा आणि अल्पदृष्टीच्या व्याख्येत मेंदूजन्य दृष्टिदोषाला स्पष्ट जागा मिळावी. आपल्या भागातील पालकसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत हे मुद्दे मांडता येतात. समितीवर आपली माणसे असतील तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ते घालावेत.

तोवर ज्या घरात असे मूल आहे, तिथे उद्या सकाळी करण्यासारखे एक काम आहे. साधी एकरंगी चादर अंथरा, तिच्यावर मुलाच्या आवडीची एकच वस्तू ठेवा, टीव्ही बंद करा आणि थांबून बघा. मूल काय करते ते तारखेसह वहीत लिहा. आठ दिवसांच्या अशा नोंदी तपासणीला जाताना सोबत न्या.